विमा म्हणायचं नाही

वेक्सफर्ड विद्यापीठाच्या आरोग्य योजना कार्यालयात 'विमा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. काउंटरवर काचेची एक बरणी ठेवलेली होती आणि ज्याच्या तोंडून तो शब्द निसटेल त्याने बरणीत एक डॉलर टाकायचा, असा नियम संचालिका लोरेन टिबेट्स हिने घालून दिला होता. जुन्या काळच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, 'हे', 'इकडची स्वारी' असे म्हणून वेळ मारून नेत. तशी या कार्यालयातली माणसे 'आपलं ते', 'कंपन्या विकतात ते' असे म्हणत. नवा माणूस कामावर आला की पहिला आठवडाभर त्याच्या डॉलरांवर सगळ्यांची कॉफी होई.

बंदीला कारण होते. विद्यार्थ्यांच्या आजारपणासाठी वेक्सफर्डने कंपन्यांची दारे ठोठावणे केव्हाच सोडून दिले होते. दर वर्षी विद्यार्थ्यांकडून वर्गणी घ्यायची, ती विद्यापीठाच्या एका निधीत ठेवायची आणि जो आजारी पडेल त्याचे बिल त्यातून भागवायचे, असा सरळ कारभार. राज्याच्या विमा खात्याने त्याला परवाना दिला होता, पण अट घालून. घरी खाणावळ चालवा, आमची ना नाही, फक्त दारावर हॉटेलची पाटी लावू नका, असा त्या अटीचा मथितार्थ. योजनेला विमा म्हणायचे नाही, आणि ती विमा नाही हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असले पाहिजे. कागदावर छापून भागणार नाही, पोरांना ते तोंडाने सांगता आले पाहिजे.

मागच्या खेपेला खात्याच्या तपासनीस यूनिस ग्रॅडी आल्या, तेव्हा कागदपत्रे नंतर बघते म्हणाल्या आणि थेट कॅन्टीनमध्ये शिरल्या. सूप पिणाऱ्या पोरांना एकेक करून विचारू लागल्या, "तुझा विमा कुणाचा रे?" पोरांनी तोंडातला घाससुद्धा न गिळता सांगितले, "विद्यापीठाचा!" ग्रॅडीबाईंनी शेरा मारला की विद्यार्थी अज्ञानात आहेत आणि पुढच्या तपासणीत हीच अवस्था दिसली तर परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. ती पुढची तपासणी आता येत्या शुक्रवारी होती.

काळजी करणे हा लोरेनचा जन्मजात गुण. इस्त्री बंद केली की नाही हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून घरी परत जाई, आणि गेली कित्येक वर्षे तिच्या घरात इस्त्रीच नव्हती. पण ही काळजी मात्र खरी होती, आणि तिला चेहरा होता थिया पॅपसचा. थिया तळ्याच्या तळाशी साचलेल्या चिखलावर पीएचडी करत होती. तिला आतड्यांचे हट्टी दुखणे होते आणि दर दोन महिन्यांनी सलाइनमधून महागडे औषध घ्यावे लागे. योजनेत ते काम लोरेनच्या एका सहीने होई. पूर्वी कंपनीच्या काळात मात्र प्रत्येक वेळी हे औषध खरोखर लागते का, हे थियाला सिद्ध करावे लागे. एकदा ते सिद्ध होईपर्यंत ती महिनाभर इस्पितळात पडून होती. परवाना गेला तर योजना बंद आणि थिया पुन्हा कंपनीच्या दारात. त्या विचाराने लोरेनला रात्री घास जात नसे.

बुधवारी सकाळी ती हातात कॉफी घेऊन हिरवळीवरून चालली होती. समोरून एक विद्यार्थी आला. त्याच्या अंगात हळदीसारखा पिवळाधमक टी-शर्ट होता. तो पुढे गेला आणि त्याची पाठ दिसली. पाठीवर ठळक अक्षरांत छापले होते:

'माझा विमा? अर्थात वेक्सफर्ड!'

कॉफी लोरेनच्या बुटांवर सांडली. तेवढ्यात ग्रंथालयाच्या बाजूने आणखी दोन पिवळे टी-शर्ट आले. मग तळ्याकडून वल्हवणाऱ्यांची अख्खी टीम पळत आली, आणि सगळ्यांच्या पाठीवर विमा होता.

लोरेनने कार्यालयात शिरताच आरोळी दिली, "क्लेटन!"

क्लेटन हा प्रसिद्धीचे काम बघणारा तरुण उन्हाळ्यात रुजू झाला होता. पूर्वी तो एका बूट कंपनीत होता, आणि बूट खपवणे व आजारपण खपवणे यात त्याला फारसा फरक वाटत नसे.

"हे टी-शर्ट कुणी छापले?"

"मी!" तो आनंदाने म्हणाला. "बघितलेत ना? काल क्लबांच्या जत्रेत टेबल मांडलं होतं, दोन तासांत सगळे संपले. तीन हजार! बुद्धिबळ क्लबवाले नुसते बघत बसले."

"क्लेटन, त्यावर काय लिहिलंय?"

"माझा विमा, अर्थात..." तो थांबला, आणि सवयीने खिशातून एक डॉलर काढून बरणीत टाकला.

"हे तुला माहीत होतं!"

"इथे म्हणायचं नाही हे माहीत होतं," क्लेटन म्हणाला. "छापायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. आधी मी 'स्वयंनिधी आरोग्य योजना' असंच लिहिलं होतं. पाच पोरांना दाखवलं. एकानं विचारलं, व्यायामशाळा आहे का? दुसऱ्याला वाटलं पेन्शन आहे. तो शब्द टाकला आणि सगळ्यांना एका सेकंदात कळलं."

"तेच तर कळायला नको होतं!" लोरेन खुर्चीत कोसळली. "परवा ग्रॅडीबाई येतायत. त्या पोरांना विचारणार, आणि पोरं काही न बोलता नुसती पाठ फिरवणार!"

क्लेटनचा रंग टी-शर्टसारखा झाला.

विद्यापीठाचा वकील हॅरिस फेंटन धावत आला. फेंटन कुठल्याही प्रश्नाला सरळ 'हो' म्हणत नसे. लग्नात पाद्र्याने विचारले तेव्हासुद्धा तो 'तत्त्वतः' असे म्हणाला होता, अशी वदंता होती. त्याने टी-शर्ट दोन बोटांत धरून उजेडात बघितला.

"सगळ्यांना ईमेल पाठवते," लोरेन म्हणाली. "टी-शर्ट चुकीचे आहेत, परत करा म्हणून."

"वेडी आहेस का? लेखी काही नको! लेखी दिलंस म्हणजे कबुली दिलीस. तोंडी गोळा कर."

"तीन हजार पोरांना तोंडी सांगू? आणि फुकट मिळालेला टी-शर्ट ती परत का देतील? ही पोरं दंतमंजनाचे फुकटचे नमुनेसुद्धा सोडत नाहीत."

"पिझ्झा," क्लेटन म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे बघितले.

"टी-शर्ट आणून द्या, पिझ्झा घेऊन जा. पिझ्झासाठी ही पोरं आजीला परत करतील."

फेंटनने बराच वेळ विचार केला. नंतर तो म्हणाला, "तत्त्वतः हरकत नाही. पण पिझ्झा घेणाऱ्याला टी-शर्ट का परत घेतला ते कळलं पाहिजे. प्रत्येकानं आपल्या तोंडानं म्हणायचं. मी वाक्य करून देतो." आणि त्याने, लेखी नको म्हणून, वाक्य लोरेनच्या कानात सांगितले.

गुरुवारी सकाळी कार्यालयासमोर टेबल लागले. मागे पिझ्झाच्या खोक्यांची उतरंड रचली होती. रांगेतला पहिला पोरगा अंगातला टी-शर्ट काढून उघडाच उभा राहिला.

"पेपरोनी आहे का?"

"आधी म्हण," क्लेटन म्हणाला. "ही योजना म्हणजे विमा नाही. हिच्यामागे कोणतीही विमा कंपनी नाही. पैसे विद्यापीठाच्या निधीतून येतात."

"ही योजना म्हणजे... काय ते... विद्यापीठाचा विमा..."

"चूक! रांगेच्या शेवटी जा."

"अरे पण मी उघडा आहे!"

"उघड्यानं पाठ कर."

हे बघितल्यावर रांगेतल्या पोरांनी धडा घेतला. चुकले की शेवटी जावे लागते, म्हणून ती आपापसात पाठांतर करू लागली. एक पोरगी मागच्याला विचारी, "हिच्यामागे?" तो म्हणे, "कोणतीही विमा कंपनी नाही!" पाढे म्हणत असल्यासारखा गलका उठला. लोरेन खिडकीतून बघत होती. पिवळा ढीग वाढत चालला तशी तिला भूक लागली, आणि तिने दोन दिवसांनी काहीतरी खाल्ले. तोही पिझ्झाच होता.

दुपारी क्लेटन घाईघाईने आत आला.

"लोरेन, एक चांगली बातमी आहे आणि एक विचित्र."

"चांगली सांग."

"तीन हजार टी-शर्ट परत आले."

लोरेनने डोळे मिटून देवाचे आभार मानले. मग एक डोळा उघडला. "आणि विचित्र?"

"रांग अजून तेवढीच आहे."

लोरेन बाहेर आली. रांग ग्रंथालयाला वळसा घालून गेली होती. ढिगातला वरचा टी-शर्ट तिने उचलला. पिवळा होता, पण जरा नारिंगीकडे झुकलेला, आणि रंग बोटाला लागत होता. पुढचा लहान मुलाच्या मापाचा होता. त्याच्यापुढचा टी-शर्ट नव्हताच, उशीचा अभ्रा होता, आणि त्यावरही 'माझा विमा? अर्थात वेक्सफर्ड!' असे छापलेले होते. रांगेत एका पोराने आपल्या कुत्र्याच्या अंगात टी-शर्ट घातला होता आणि तो क्लेटनशी हुज्जत घालत होता, "कुत्र्याचा वेगळा पिझ्झा पाहिजे, वाक्य मी म्हणतो त्याच्या वतीनं."

बोटाला लागलेल्या रंगाचा माग काढत लोरेन कला विभागाच्या तळघरात पोहोचली. तिथे कारखाना चालू होता. एक पोरगी चौकटीतून रंग ओढत होती, दुसरी पंख्यासमोर टी-शर्ट वाळवत होती, तिसरा घड्या घालत होता. कोपऱ्यात प्राध्यापक भरल्या डोळ्यांनी उभे होते.

"मिसेस टिबेट्स," ते म्हणाले, "गेल्या कित्येक वर्षांत ही मुलं पहिल्यांदा वेळेवर वर्गात आली."

"बंद करा! हे सगळं आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"का पण, मॅम?" रंग ओढणारी पोरगी निरागसपणे म्हणाली. "तुम्हाला टी-शर्ट पाहिजेत, आम्ही देतोय. अर्थशास्त्राच्या तासाला हेच तर शिकवलं, मागणी तसा पुरवठा."

बुधवारी गावात विमा लिहिलेले तीन हजार टी-शर्ट होते. ते नाहीसे करण्यासाठी लोरेनने एवढी धडपड केली, आणि आता त्यांच्या जोडीला अभ्रे, चादरी आणि एक कुत्रा आला होता. करायला गेले एक आणि झाले भलतेच, असे स्वतःशी पुटपुटत ती परत आली आणि तिने टेबल उचलायला लावले. पिझ्झा बंद.

ही तिची दुसरी चूक. वेक्सफर्डच्या पोरांना अन्याय शोधायला फार लांब जावे लागत नाही. गेल्या वर्षी कॅन्टीनमधला दह्याचा कप लहान झाला म्हणून त्यांनी दोन दिवस धरणे धरले होते. इथे तर रांगेत तासभर उभे राहून, वाक्य पाठ करूनही त्यांच्या तोंडचा पिझ्झा काढून घेतला होता. संध्याकाळच्या आत विद्यार्थी संघाने ठराव केला: शुक्रवारी सकाळी आरोग्य योजना कार्यालयासमोर निदर्शने. पोशाख: पिवळा टी-शर्ट.

बातमी कळली तेव्हा थिया समोर बसली होती. औषध घेतल्याच्या दिवशी ती घरी जाताना पाच मिनिटे लोरेनच्या खोलीत टेकत असे. तिच्या बुटांना नेहमीप्रमाणे तळ्याचा चिखल होता.

"इतकं घाबरू नका हो," थिया म्हणाली.

"मी घाबरत नाहीये," लोरेन म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "खोटं बोलतेय. घाबरलेय. परवाना गेला तर तुझं काय होईल, हे माझ्या डोक्यातून जातच नाही. तू महिनाभर त्या खाटेवर होतीस तेव्हा मी तुला बघायला आले होते. काडी झाली होतीस. आता पुन्हा तसं झालं तर ते एका टी-शर्टामुळे झालेलं असेल."

थियाने तिचा हात धरला. मग म्हणाली, "उद्या मी येते. तुमच्या बाजूला उभी राहीन."

शुक्रवारी लोरेन पहाटेपासून विद्यापीठाच्या फाटकाशी येरझारा घालत होती. ग्रॅडीबाईंना हिरवळ दिसूच द्यायची नाही, असा तिचा बेत होता. करड्या रंगाची गाडी आली. ग्रॅडीबाई उतरल्या. अंगात तपकिरी कोट, एका हातात घरून आणलेले सँडविच, दुसऱ्यात घरून आणलेला चहा. कारण सरकारी माणसाने कुणाचा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

"मिस ग्रॅडी! या, या. आपण मागच्या दारानं जाऊ या का?"

"का? पुढच्या दाराला काय झालं?"

"काही नाही. आमचं मागचं दार फार सुंदर आहे."

"मागच्या दाराजवळ काय आहे?"

"बॉयलर," लोरेन म्हणाली. तिला खोटे बोलता येत नसे.

ग्रॅडीबाई पुढच्या दाराकडे चालू लागल्या. ग्रंथालयाचा कोपरा वळल्या आणि थांबल्या. हिरवळीवर हिरवे काही उरलेच नव्हते. शेकडो पोरे पिवळी होऊन उभी होती आणि त्यांच्या पाठी नेमक्या या दोघींकडे होत्या. एवढे विमे एका ठिकाणी विमा खात्याच्या मुख्यालयातही नसतील. कार्यालयाच्या पायरीवर क्लेटन आणि फेंटन भिंतीला पाठ टेकून उभे होते. फेंटनने आपण त्या गावचेच नाही असा चेहरा केला होता.

ग्रॅडीबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि एक पाठ मोठ्याने वाचली. मग सँडविच आणि चहा लोरेनच्या हातात देऊन त्या गर्दीत शिरल्या. आता त्या तोच प्रश्न विचारणार, हे लोरेनला ठाऊक होते.

ग्रॅडीबाईंनी एका दाढीवाल्या पोराच्या खांद्यावर टकटक केली. "काय रे, तुझा विमा कुणाचा?"

पोरगा दचकून मागे सरला. "श्श! तो शब्द नका काढू, बाई! रांगेच्या शेवटी पाठवतात."

"म्हणजे?"

"विमा नाहीये तो. ही योजना म्हणजे विमा नाही. हिच्यामागे कोणतीही विमा कंपनी नाही. पैसे विद्यापीठाच्या निधीतून येतात."

ग्रॅडीबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी शेजारच्या पोरीला विचारले. तिने तेच सांगितले, फक्त जास्त वेगाने. त्यांनी मुद्दाम लांबच्या एका पोराला गाठले. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला येतं हो, काल माझं फक्त 'कोणतीही' राहिलं होतं!" तेवढ्यात विद्यार्थी संघाच्या पुढाऱ्याने हात वर केला आणि निदर्शने सुरू झाली.

"ही योजना म्हणजे?"

"विमा नाही! विमा नाही!"

"हिच्यामागे कंपनी?"

"नाही! नाही! नाही!"

"मग आमचा पिझ्झा?"

"कुठाय? कुठाय?"

वीस वर्षांच्या नोकरीत ग्रॅडीबाई राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात फिरल्या होत्या. अटी-नियमांतले हे कलम वाचलेला एक विद्यार्थी त्यांना आजवर कुठे भेटला नव्हता, आणि इथे पाचशे पोरे ते ठेक्यावर म्हणत होती.

घोषणा थांबल्यावर त्यांनी पुढाऱ्याला विचारले, "विमा नाही हे समजलं. मग आहे तरी काय?"

पुढाऱ्याने शेजाऱ्याकडे बघितले. शेजाऱ्याने बुटांकडे बघितले. वाक्यात तेवढे नव्हते.

"मी सांगते," थिया म्हणाली. ती लोरेनच्या बाजूला येऊन उभी होती. "एक हंडा आहे. त्यात आम्ही सगळे थोडं थोडं टाकतो. ज्याच्यावर वेळ येते त्याला त्यातून मिळतं. सध्या माझ्यावर आलीय. ह्या दाढीवाल्यानं टाकलेलं मला मिळतंय. ह्याला मी आज पहिल्यांदा बघतेय. उद्या त्याच्यावर वेळ आली तर मी टाकलेलं असेल."

दाढीवाला पोरगा थियाकडे बघत राहिला. "म्हणजे मी तुझं औषध दिलं?"

"थोडंसं."

"अरेच्या," तो म्हणाला, आणि पिझ्झाबद्दल पुढे काही बोलला नाही.

ग्रॅडीबाईंनी खिशातून वही काढली आणि बराच वेळ काहीतरी लिहिले. मग क्लेटनकडे वळून विचारले, "आणि हे पाठीवर जे छापलंय?"

क्लेटनने तोंड उघडले. फेंटनने त्याच्या पायावर पाय दिला. पण दाढीवालाच मध्ये बोलला, "ते चूक आहे, बाई. चूक कुठली ते ओळखलं की पिझ्झा मिळतो."

"असं!" ग्रॅडीबाई म्हणाल्या. त्यांनी तेही लिहिले, लोरेनच्या हातून सँडविच आणि चहा घेतला आणि कागद बघायला आत गेल्या. दिवसभर त्या हिशेब, राखीव निधी, बिले बघत राहिल्या आणि जाताना एवढेच म्हणाल्या, "कळवू."

'कळवू' या शब्दाइतका वाईट शब्द कुठल्याही भाषेत नसेल. पुढचे तीन आठवडे लोरेन फोन वाजला की उभी राही, आणि नाही वाजला की बिघडलाय का ते बघायला शेजारच्या खोलीतून स्वतःलाच फोन करी. शेवटी एका सोमवारी ग्रॅडीबाईंचा आवाज आला.

"मिसेस टिबेट्स, परवान्याचं नूतनीकरण झालंय. तीन वर्षांसाठी."

लोरेन उभी होती ती खाली बसली.

"ऐकताय ना? विद्यार्थ्यांमधली जागृती बघून आमचे आयुक्त थक्क झाले. मी त्यांना घोषणा म्हणून दाखवल्या. मात्र एक अट आहे. हा कार्यक्रम दर वर्षी व्हायला पाहिजे."

"कुठला कार्यक्रम?"

"तोच. आधी चुकीचा टी-शर्ट द्यायचा, मग वाक्य म्हणून घेऊन परत घ्यायचा. परवान्यात तसं कलम घातलंय."

"पण मिस ग्रॅडी, तो शब्द छापणं नियमाविरुद्ध आहे!"

"आहेच. म्हणून तर दोन दिवसांच्या आत सगळे परत आले पाहिजेत. एकही राहिला तर कारवाई होईल."

"आणि छापलेच नाहीत तर?"

"तर अटीचा भंग. मग परवाना रद्द."

फोन ठेवून लोरेन कोट न घालताच तळ्याकडे धावली. थिया गुडघाभर चिखलात उभी होती. लोरेनने काठावरूनच ओरडून सांगितले, आणि थिया तशीच बाहेर आली व तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. लोरेनचा पांढरा ब्लाउज चिखलाने माखला, पण घरी इस्त्रीच नसल्यामुळे त्याचे तिला विशेष काही वाटले नाही.

संध्याकाळी तिने टी-शर्ट छापणाऱ्या दुकानाला फोन लावला. पुढच्या सप्टेंबरची काळजी तिला आत्तापासूनच लागली होती.

"तीन हजार, पिवळे," ती म्हणाली. "मजकूर मागच्यासारखाच."

पलीकडे दुकानदार घुटमळला. "मॅडम, राग मानू नका, पण गावात ऐकलं की त्या मजकुरावरून तुमची पार पळापळ झाली. पुन्हा तीच चूक छापू? नक्की?"

"छापा," लोरेन म्हणाली. "आता ती सरकारमान्य आहे."